जुन्या टेलिफोन तारेवर घरचे संगणक-जाळे

लँडलाइनसाठी घरात टाकलेली तांब्याची तार फोन बंद झाल्यावरही भिंतीत तशीच राहते. संगणक, टीव्ही, कॅमेरा आणि वाय-फायचे राउटर एकमेकांना जोडण्यासाठी ही तार पुन्हा वापरता येते. ती किती वेग देईल, हे तीन गोष्टींवर ठरते: तारेत जोड्या किती आहेत, त्या जोड्यांना पीळ आहे का, आणि तार घरभर कशी फिरवली आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुढचा मार्ग निवडणे सोपे होते. उत्तरे न शोधता तार उपटून टाकणे किंवा तिच्यावर आंधळा विश्वास ठेवणे, दोन्हींत पैसा वाया जातो.

गाव, घर आणि गरज

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार हे प्रवरा नदीच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेले बाजाराचे गाव आहे. भगवतीमातेच्या मंदिरामुळे ते कोल्हार भगवतीपूर या नावानेही ओळखले जाते. जवळच लोणी आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तेथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, आणि त्या परिसरात पुढे वाढलेल्या शिक्षणसंस्था व रुग्णालय यांमुळे या पट्ट्याला गावखेड्याच्या मानाने दळणवळणाची गरज लवकर भासली.

अशा गावातील घरांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, गावठाणातले दगड-मातीच्या जाड भिंतींचे जुने घर. दुसरा, रस्त्याकडेचे खाली दुकान आणि वर राहण्याच्या खोल्या असलेले आरसीसी बांधकाम. तिसरा, शेतातली वस्ती, म्हणजे राहते घर, गोठा, शेड आणि विहिरीवरची मोटार असा पसरलेला संसार. तिन्ही ठिकाणी वाय-फायची अडचण सारखीच असते. जाड दगडी भिंत, सळ्यांचा स्लॅब आणि पत्र्याचे छप्पर यांपुढे रेडिओलहरी क्षीण होतात. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण अडथळ्यापुढे तो २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर हरतो. खालच्या दुकानात राउटर ठेवला तर वरच्या मजल्यावर ऑनलाइन तास तुटत राहतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून दूरच्या खोलीपर्यंत एक तार नेणे आणि तेथे वाय-फायचे दुसरे केंद्र बसवणे. नवी तार ओढायची तर भिंत फोडणे, पट्टी मारणे, रंग खराब होणे ही कामे मागे लागतात. ज्या घरात लँडलाइन होती, तिथे अशी एक तार आधीच पोहोचलेली असण्याची शक्यता असते.

तार घरात कशी आली

भारतात टेलिफोन एक्सचेंज १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे सुरू झाली. खेड्यापर्यंत फोन पोहोचायला मात्र शंभर वर्षे लागली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने १२८ लाइनचे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यातही चालेल अशी त्याची रचना होती. १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे पहिले असे एक्सचेंज लागले. त्यानंतर देशभर गावोगावी लाइन वाढल्या. भारतातील लँडलाइनची संख्या २००६ च्या सुमारास ५ कोटींपर्यंत गेली आणि मोबाइलच्या रेट्यात २०२० पर्यंत २ कोटींच्या आसपास उतरली. म्हणजे कोट्यवधी घरांत आणि दुकानांत वापराविना पडलेली तार शिल्लक राहिली.

या तारेने माहिती वाहून नेण्याचे काम पूर्वीही केले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनवरून डायल करूनच. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा वारणानगरचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा आणली. तेव्हा २५६ केबीपीएस हा वेग ब्रॉडबँड मानला जाई. आवाजासाठी टाकलेल्या त्याच दोन तारांवरून तो येत असे.

आता बाहेरून घरापर्यंत फायबर येतो आणि उंबरठ्याजवळच्या मोडेमपाशी थांबतो. त्यापुढे घराच्या आत वेग कसा न्यायचा, हा प्रश्न उरतो, आणि जुन्या तारेचा विचार तिथे सुरू होतो.

पिळाचे महत्त्व

एक्सचेंजकडून आलेली केबल गावातल्या डीपीपर्यंत, म्हणजे टेलिफोनच्या वितरण-पेटीपर्यंत येते. डीपीच्या खांबावरून घरापर्यंत ड्रॉप वायर लोंबत येते आणि घरात रोझेट या लहान डबीत संपते. रोझेटपासून पुढे फोनपर्यंत आणि दुसऱ्या खोलीतल्या एक्स्टेन्शनपर्यंत जाणारी तार ही घरातली तार होय. या लेखाचा विषय तेवढ्याच भागापुरता आहे.

घरातली तार दोन प्रकारची आढळते. एक प्रकार चपट्या, समांतर तारेचा असतो. यात दोन वाहक शेजारी शेजारी सरळ धावतात. दुसरा प्रकार गोल केबलचा. तिच्या पीव्हीसी आवरणात दोन, तीन किंवा चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील दोन तारा एकमेकींना पीळ घालून बसवलेल्या असतात. वायरिंगच्या दुकानात ती ‘टू पेअर’, ‘फोर पेअर’ टेलिफोन केबल म्हणून मिळे.

पिळाचे कारण साधे आहे. जवळून जाणारी विजेची तार, पंख्याचा रेग्युलेटर, मोटारीचा स्टार्टर यांमुळे टेलिफोनच्या तारेत नको असलेला विद्युतदाब निर्माण होतो. दोन तारा समांतर असतील तर जवळची तार हा गोंधळ जास्त पकडते आणि दूरची कमी. पीळ दिला की दोन्ही तारा आलटून पालटून जवळ येतात, दोघींत सारखाच गोंधळ शिरतो, आणि ग्रहण करणारे यंत्र दोघींतील फरकच मोजत असल्याने तो वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच पीळदार जोडीचे पेटंट घेतले होते. आजच्या सर्व लॅन केबली याच तत्त्वावर उभ्या आहेत.

आवाजाला ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतकीच पट्टी पुरते. त्यामुळे थोडा पीळ असला किंवा मुळीच नसला, तरी घरातल्या घरात फोन नीट ऐकू येतो. संगणकाच्या जाळ्याला लाखो-कोटी हर्ट्झची पट्टी लागते. १० एमबीपीएसच्या इथरनेटसाठी कॅट-३ दर्जाची तार पुरते, आणि हा दर्जा १६ मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेला असतो. १०० एमबीपीएस आणि त्याच्या पुढे कॅट-५ लागते. तिचा दर्जा १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि पीळ बराच घट्ट असतो. वाहकाची जाडी मात्र जवळपास सारखीच राहते. चांगल्या टेलिफोन केबलीतही ०.५ मिलिमीटर व्यासाचे तांबे असते आणि कॅट-५ मध्येही तेवढेच. जुन्या तारेची उणीव तांब्यात कमी आणि पिळात जास्त असते.

माळ आणि तारा-रचना

तार घरभर फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. माळेच्या पद्धतीत एकच केबल पहिल्या रोझेटवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जाते आणि सर्व फोन समांतर जोडलेले असतात. लहान घरांत बहुतेक हीच पद्धत आढळते, कारण त्यात तार कमी लागते. तारा-रचनेत, म्हणजे चांदणीसारख्या मांडणीत, प्रत्येक खोलीची स्वतंत्र केबल एका मध्यवर्ती डबीपर्यंत येते. इंटरकॉम किंवा इपीएबीएक्स असलेले दवाखाने, लॉज, पतसंस्था, शाळा आणि कारखान्यांची कार्यालये यांत ही रचना सापडते. त्या मध्यवर्ती डबीत तारा जोडण्याच्या क्रोन पट्ट्या बसवलेल्या असतात.

इथरनेटला दोनच टोकांची, मध्ये फाटा नसलेली जोडणी लागते. तारा-रचना त्याला थेट अनुकूल असते. मध्यवर्ती डबीच्या जागी नेटवर्कचा स्विच बसवला की काम होते. माळेत मात्र प्रत्येक रोझेटला फाटा असतो. वापरात नसलेल्या फाट्याच्या उघड्या टोकावरून सिग्नल परत उलटतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळून त्याला बिघडवतो. फोनवर बोलताना हे जाणवत नाही, जाळे मात्र अडखळते.

माळ असली तरी वाट बंद होत नाही. प्रत्येक रोझेटपाशी तार तोडून येणारे टोक आणि जाणारे टोक वेगळे करावे. मधल्या खोलीत काहीच लावायचे नसेल तर दोन्ही टोके सरळ एकमेकांस जोडून फाटा काढून टाकावा. तिथे उपकरण लावायचे असेल तर पाच पोर्टचा लहान स्विच बसवून एक टोक एका पोर्टला आणि दुसरे टोक दुसऱ्या पोर्टला द्यावे. अशा रीतीने लांब माळ लहान लहान स्वतंत्र दुव्यांत बदलते आणि प्रत्येक दुवा इथरनेटच्या नियमात बसतो.

आधी तपासणी

तपासणीला स्क्रू-ड्रायव्हर, ब्लेड आणि साधा मल्टीमीटर एवढेच लागते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिले काम बाहेरची लाइन तोडण्याचे. लँडलाइनच्या जोडीवर एक्सचेंजकडून ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि घंटी वाजताना सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो. नेटवर्कचे उपकरण त्यावर लावले तर जळू शकते आणि ओल्या हाताला झटकाही बसतो. फोन ‘बंद’ आहे म्हणजे लाइन मृत आहे, असे गृहीत धरू नये. पहिल्या रोझेटवर बाहेरून आलेल्या दोन तारा सोडवून, त्यांची टोके वेगवेगळी टेपने गुंडाळून ठेवावीत. खांबावरची तार सेवा देणाऱ्या कंपनीची असते. ती काढायची असेल तर लाइनमनलाच सांगावे.

दुसरे काम जोड्या मोजण्याचे. रोझेट उघडल्यावर दोनच तारा स्क्रूला लावलेल्या दिसतात, पण केबलचे आवरण थोडे सोलले तर न वापरलेल्या जोड्या मागे मुडपून ठेवलेल्या सापडतात. रंग लिहून घ्यावेत. टेलिफोन केबलीत पहिल्या पाच जोड्या सहसा पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि करडा या क्रमाने असतात.

तिसरे काम धातू ओळखण्याचे. टेलिफोन तारेतील तांब्यावर बऱ्याचदा कलई असते, म्हणून ते रुपेरी दिसते. ब्लेडने खरवडल्यावर आत लालसर रंग दिसला तर तांबे समजावे. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे. लालसर पातळ थर खरवडून आत पांढरा धातू निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असण्याचा संभव आहे. अशा तारेवर वेळ घालवू नये.

चौथे काम रोध मोजण्याचे. दूरच्या टोकाला एका जोडीतील दोन तारा एकमेकींना पिळून जोडाव्यात आणि अलीकडच्या टोकाला मल्टीमीटरने ओहम मोजावेत. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला सुमारे १७ ओहम असतो. १५ मीटरच्या तारेला अडीच ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तो वीस-तीस ओहम आला, किंवा तार हलवताच बदलू लागला, तर कुठेतरी जोड गंजलेला आहे. पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या जुन्या घरांत हा दोष नेहमी रोझेटच्या स्क्रूपाशी सापडतो. गंजलेले टोक कापून नवीन टोक काढल्यास बहुधा तो सुटतो. दूरचे टोक उघडे ठेवून दोन तारांत रोध दाखवला, तर मध्ये कुठेतरी त्या एकमेकींना टेकल्या आहेत किंवा एखादा फोन अजून जोडलेला आहे.

पाचवे काम नकाशा काढण्याचे. कोणती केबल कोणत्या खोलीत निघते, मध्ये फाटे किती, अंदाजे लांबी किती, हे कागदावर मांडावे आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावावी.

मार्ग पहिला: थेट इथरनेट

तारेत पिळाच्या किमान दोन जोड्या असतील आणि मध्ये फाटा नसेल, तर तिच्यावर थेट इथरनेट चालवून पाहावे. टेलिफोनच्या तारेवर संगणक जोडण्याची कल्पना इथरनेटच्या इतिहासातच आहे. १९८७ साली प्रमाणित झालेले स्टारलॅन हे १ एमबीपीएसचे जाळे कार्यालयांतील टेलिफोनच्या तारेसाठीच बनवले होते. १९९० साली आलेल्या १०बेस-टी या प्रमाणाने त्याच प्रकारच्या दोन जोड्यांवरून, १०० मीटरपर्यंत, १० एमबीपीएस वेग दिला.

१९९५ च्या १०० एमबीपीएस इथरनेटलाही दोनच जोड्या लागतात, पण त्या कॅट-५ दर्जाच्या असाव्यात अशी अपेक्षा असते. घरातले अंतर दहा-वीस मीटर असेल आणि केबलीला बऱ्यापैकी पीळ असेल, तर साध्या टेलिफोन केबलीवरही हा वेग पुष्कळदा मिळतो. तो मिळेलच याची हमी नसते. १९९९ साली आलेल्या गिगाबिट इथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात. म्हणून दोन जोड्यांच्या तारेवर १०० एमबीपीएस ही वरची मर्यादा धरावी.

जोडणी करताना आठ खाचांच्या जॅकमध्ये पहिली जोडी १ आणि २ क्रमांकांवर, तर दुसरी जोडी ३ आणि ६ क्रमांकांवर बसवावी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. इथे एक चूक वारंवार होते. एका जोडीतील एक तार आणि दुसऱ्या जोडीतील एक तार मिळून १ आणि २ वर लावल्या जातात. मल्टीमीटरचा बझर अशा वेळी सर्व काही ठीक असल्याचे सांगतो, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असते. पिळाचा फायदा मात्र नाहीसा होतो आणि जाळे तुटत राहते. म्हणून बझरपेक्षा रंगांच्या जोड्यांवर लक्ष ठेवावे.

भिंतीतल्या एकसंध तारेला प्लग क्रिंप करण्यापेक्षा तिला जॅक बसवावा आणि जॅकपासून उपकरणापर्यंत तयार पॅच कॉर्ड वापरावी. जॅकमध्ये तार पंच करताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये.

आणखी एक अडचण स्वयंचलित वाटाघाटीची असते. दोन्ही बाजूंची गिगाबिट उपकरणे आधी दोनच जोड्यांवरून बोलून गिगाबिट वेग ठरवतात आणि मग उरलेल्या दोन जोड्या नसल्याने अडकतात. काही उपकरणे आपणहून खालच्या वेगावर येतात, काही येत नाहीत. अशा वेळी सेटिंगमध्ये वेग १०० वर बांधून टाकावा किंवा एका बाजूला १०० एमबीपीएसचा साधा स्विच लावावा.

लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची पद्धत जुन्या टेलिफोन तारेवर वापरू नये. गंजलेल्या जोडातून वीजप्रवाह गेला की तो जोड तापतो.

मार्ग दुसरा: एका जोडीवरचे जाळे

तारेत एकच जोडी असेल, किंवा माळेचे फाटे काढणे शक्य नसेल, तर इथरनेट थेट चालत नाही. अशा घरांसाठी वेगळे तंत्र घडवले गेले. १९९८ साली कंपन्यांनी एकत्र येऊन होमपीएनए हा संघ काढला. त्याच्या पहिल्या प्रमाणाने १ एमबीपीएस, दुसऱ्याने १० एमबीपीएस आणि २००३ च्या तिसऱ्याने १२८ एमबीपीएसचा नाममात्र वेग दिला. या तंत्राची खुबी अशी की फोन चालू असतानाच त्याच जोडीवरून जाळे चाले. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली राहतो, एडीएसएल ब्रॉडबँड सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जागा घेतो, आणि होमपीएनए ४ मेगाहर्ट्झच्या वर बसते. तिघांची पट्टी वेगळी असल्याने ती एकमेकांच्या आड येत नाहीत. फाट्यांवरून उलटणारा सिग्नल गृहीत धरूनच ही यंत्रणा आखलेली होती.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.एचएन हे प्रमाण आणले. त्याचा पाया २००९ मध्ये मंजूर झाला. टेलिफोनची तार, केबल टीव्हीची कोॲक्स आणि विजेची तार या तिन्हींवर तेच चालते. २०१३ साली होमपीएनए संघ जी.एचएनचा प्रसार करणाऱ्या होमग्रिड फोरममध्ये विलीन झाला. एकाच चांगल्या जोडीवर जी.एचएनची उपकरणे शेकडो एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतात. प्रत्यक्ष वेग तारेच्या दर्जावर आणि फाट्यांवर अवलंबून राहतो. ही उपकरणे लहान गावाच्या दुकानात सहसा मागवूनच मिळतात आणि त्यांची किंमत नव्या लॅन केबलच्या कितीतरी पट होते. म्हणून भिंत फोडणे खरोखर अशक्य असेल तेव्हाच त्यांचा विचार करावा.

मार्ग तिसरा: व्हीडीएसएलची जोडगोळी

इथरनेटची मर्यादा १०० मीटरची आहे. शाळेची एक इमारत आणि दुसरी, किंवा दवाखाना आणि कर्मचाऱ्यांची घरे यांत त्याहून जास्त अंतर असते. तिथे इंटरकॉमची केबल जमिनीखालून गेलेली असेल तर व्हीडीएसएल या, टेलिफोनच्या तारेवरून वेगवान डेटा नेणाऱ्या तंत्राच्या एक्स्टेंडरची जोडी लावता येते. एक उपकरण एका टोकाला, दुसरे दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये टेलिफोनची एक जोडी पुरते. दोन-तीनशे मीटरपर्यंत १०० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळू शकतो. किलोमीटरभर अंतरावर तो बराच उतरतो, तरी कॅमेरे, हजेरीयंत्र आणि कार्यालयीन कामाला पुरेसा राहतो.

एकाच जोडीवर लांब अंतर कापण्याची गरज उद्योगांतही आहे. म्हणूनच २०१९ साली १०बेस-टी१एल हे नवे इथरनेट प्रमाण आले. ते एका जोडीवरून १ किलोमीटरपर्यंत १० एमबीपीएस देते. त्याची उपकरणे सध्या मुख्यतः कारखान्यांसाठी बनतात.

मार्ग चौथा: ओढतार

तार चपटी, समांतर असेल, सडलेली असेल किंवा तांब्याची नसेल, तरीही तिचा एक उपयोग उरतो. ती पीव्हीसी पाइपमधून मोकळी गेलेली असेल तर तिच्या टोकाला नवी कॅट-६ केबल घट्ट बांधून दुसऱ्या बाजूने ओढता येते. सांधा टेपने निमुळता करावा. एकाने ओढावे आणि दुसऱ्याने केबल सरळ सोडत राहावी. सोबत एक नायलॉनची दोरीही ओढून ठेवली तर पुढच्या वेळी तीच कामी येते. तार क्लिपांनी भिंतीला ठोकलेली असेल किंवा गिलाव्यात गाडलेली असेल तर हा मार्ग बंद होतो. पाइप मोकळा असेल तेव्हा मात्र वरच्या तिन्ही मार्गांपेक्षा हा सरस ठरतो, कारण थोड्या खर्चात गिगाबिट वेगाची, पुढची अनेक वर्षे पुरेल अशी तार मिळते.

वीज आणि पाऊस

जाळ्यासाठी वापरायची तार घराबाहेर उघड्यावरून जात असेल तर ती वापरू नये. मृग नक्षत्रात आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा दाब लांब उघड्या तारेत शिरतो. आकाशातली वीज थेट तारेवर पडलीच पाहिजे असे नाही. जवळ पडली तरी राउटर, संगणक आणि टीव्ही एकदम निकामी होऊ शकतात. एक्सचेंजमध्ये आणि खांबावर यासाठी वायुनळीचे संरक्षक बसवलेले असतात. घरच्या तारेवर ते नसतात.

वस्तीवर घरापासून विहिरीपर्यंत किंवा शेडपर्यंत जाळे न्यायचे असेल तर फायबर टाकावा. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे विजेचा धोका दोन्ही टोकांपासून तोडला जातो. थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरचा गोंधळही तिच्यात शिरत नाही. मात्र लोखंडी आधारतार असलेली फायबर केबल घेतल्यास ती आधारतार घरात शिरण्यापूर्वी कापावी.

घराच्या आतही टेलिफोनची तार आणि २३० व्होल्टची तार एकाच पाइपमधून गेलेली आढळली, तर तो पाइप जाळ्यासाठी बाद समजावा. एखाद्या ठिकाणी आवरण वितळले तर पूर्ण दाब संगणकाच्या बाहेरच्या धातूपर्यंत येऊ शकतो.

किती वेग पुरेसा

जुन्या तारेबद्दल निर्णय घेताना गरजेचा आकडा समोर ठेवावा. अतिउच्च दर्जाच्या ४के चित्रफितीला सुमारे २५ एमबीपीएस लागतात. साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला २ ते ४ एमबीपीएस पुरतात. ऑनलाइन तासाला आणि दुकानाच्या बिलिंगला याहूनही कमी. गावात घेतली जाणारी फायबर जोडणी बऱ्याचदा ३० ते १०० एमबीपीएसची असते. म्हणजे दोन जोड्यांच्या तारेवर स्थिरपणे १०० एमबीपीएस मिळत असतील, तर बाहेरून येणारा सगळा वेग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. घरातच मोठ्या चित्रफिती एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवायच्या असतील, स्टुडिओ किंवा डिजिटल एक्स-रे असलेला दवाखाना असेल, तर तिथे मात्र गिगाबिटची नवी केबलच हवी.

जोडणी झाल्यावर नुसता दिवा लागला म्हणून काम पुरे झाले असे मानू नये. एक मोठी फाइल दोन्ही दिशांनी पाठवून पाहावी. मोटार, मिक्सर आणि पंखे चालू असताना पुन्हा पाहावी. वेग अचानक कोसळत असेल तर जोड आणि जोड्यांचा क्रम परत तपासावा.

निवड

गावठाणातल्या जुन्या घरात माळेची, एका जोडीची तार असेल तर तिच्यावर थेट इथरनेट चालणार नाही. भिंत फोडणे शक्य नसेल तेव्हा जी.एचएन, आणि शक्य असेल तेव्हा पट्टीतून नवी केबल, हा त्या घराचा मार्ग आहे. खाली दुकान आणि वर घर असलेल्या बांधकामात तार बहुधा पाइपमधून गेलेली असते. तिथे आधी ओढतारेचा प्रयत्न करावा आणि तो फसला तर दोन जोड्यांवर १०० एमबीपीएस चालवावे. इपीएबीएक्स असलेल्या दवाखान्यात, शाळेत, पतसंस्थेत तारा-रचना आयती मिळते, म्हणून जुन्या तारेचा सर्वांत मोठा लाभ अशा संस्थांना होतो. वस्तीवर इमारतीच्या आत जुनी तार आणि इमारतींच्या मध्ये फायबर, अशी विभागणी ठेवावी.

नवे घर बांधणाऱ्यांनी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप आणि त्यात दोरी टाकून ठेवावी. त्याचा खर्च बांधकामाच्या मानाने नगण्य असतो. जुन्या घराच्या दुरुस्तीला हात घालणाऱ्यांनी गवंड्याला बोलावण्याआधी रोझेट उघडून आत किती जोड्या आहेत ते पाहावे. त्या तपासणीला अर्धा दिवस लागतो आणि त्यातून भिंत फोडायची की वाचवायची, हे नक्की ठरते.